हाइडेलबर्ग, ऑक्टोबर आणि धर्माचा रकाना

१ ऑक्टोबर २०२२, शनिवार. रात्री साडेदहाला मी जर्मनीतल्या हाइडेलबर्ग स्टेशनवर उतरलो. सोबत दोन बॅगा, अंगात अब्बांनी स्वतः शिवलेलं कापूस भरलेलं जाकीट आणि बनियनला आतून लावलेल्या चोरखिशात तीनशे युरो. अब्बा बार्शीत टेलर आहेत. माझ्या प्रत्येक परीक्षेला, प्रत्येक मुलाखतीला त्यांनी नवा शर्ट शिवला. या वेळी त्यांनी चोरखिसा शिवला आणि म्हणाले, “रेल में सोना नक्को.”

मुंबईहून दुबई, दुबईहून फ्रँकफर्ट, तिथून मानहाइमला गाडी बदलून हाइडेलबर्ग. गाडीत सगळ्यांनी मास्क लावलेले होते. आपल्याकडं लोक मास्क विसरूनही गेले होते, इथं तो अजून सक्तीचा होता. स्टेशनवर नांदेडचा एक सीनियर मला घ्यायला आला होता. माझ्या होस्टेलच्या खोलीची किल्ली त्यानं शुक्रवारीच घेऊन ठेवली होती. खोली दाखवली, स्वयंपाकघर दाखवलं, वायफाय जोडून दिलं आणि म्हणाला, “मी सकाळी मित्रांसोबत बाहेरगावी चाललोय, मंगळवारी भेटू. उद्या रविवार आहे, दुकानं बंद असतात हं.”

रविवारचं त्यानं सांगितलं. सोमवारचं सांगायचं राहून गेलं. ३ ऑक्टोबर म्हणजे जर्मनीच्या एकीकरणाचा दिवस. १९९० साली याच तारखेला पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाले, म्हणून देशभर सुट्टी. आपल्याकडं १५ ऑगस्टलाही किराणा दुकान अर्धं शटर वर करून चालू असतं. इथं दोन दिवस अख्खं गाव कुलूपबंद. रविवारी सकाळी चर्चच्या घंटा ऐकून मी उठलो, सुपरमार्केटपर्यंत चालत गेलो आणि काचेतून आतली केळी बघून परत आलो. सोमवारी पुन्हा गेलो. पुन्हा तीच केळी.

दोन दिवस मी अम्मीनं दिलेल्या बेसनाच्या लाडवांवर आणि चिवड्यावर काढले. पाण्याचाही घोळ. नळाचं पाणी प्यायचं असतं हे मला माहीत नव्हतं. फ्रँकफर्टला विकत घेतलेली बाटली उघडली तर सोड्यासारखी फसफसली. शेवटी ती ओतून दिली आणि बाटली संडासात नेऊन ठेवली. आपल्या लोकांना परदेशात पहिली अडचण कसली येते, ते वेगळं सांगायला नको.

संध्याकाळी अम्मीचा व्हिडिओ कॉल.

“खाना खाया क्या रे?”

“हौ अम्मी, खाया.”

“क्या खाया?”

“चावल, दाल.”

मागं रिकामा ओटा दिसत होता म्हणून मी मोबाइल भिंतीकडं फिरवला. घर सोडून तीन दिवसही झाले नव्हते आणि मी खोटं बोलायला लागलो होतो. खरं सांगितलं असतं तर दोघांनाही झोप लागली नसती. राहतं घर बँकेकडं तारण होतं. त्या वर्षी व्हिसासाठी बंद खात्यात १०,३३२ युरो दाखवावे लागत होते, म्हणजे आठ लाखांच्या वर रुपये. त्यातून दरमहा ८६१ युरो मिळणार. शिवाय हाइडेलबर्ग ज्या राज्यात आहे तिथं युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो फी. बंद खातं सुरू व्हायला महापालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. तोवर चोरखिसा हाच माझा आधार होता.

बार्शीत आमच्या गल्लीत या प्रवासाची बरीच थट्टा झाली होती. पोरगा जर्मनीला जातोय म्हणजे इंजिनिअर होणार, असा सगळ्यांचा समज. मी सांगायचो, “दक्षिण आशियाचा अभ्यास करणार आहे. दख्खनचे सूफी आणि संत.” एक मामू म्हणाले, “मतलब जर्मनी जाके पंढरपूर पढेगा?” बार्शीपासून पंढरपूर दोन तासांवर. मामूंचं म्हणणं चूक नव्हतं. पण ज्या शेख महंमद श्रीगोंदेकरांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, त्यांच्यावर मला काम करायचं होतं आणि त्यासाठी हाइडेलबर्ग हे नाव मी पुण्यात एम.ए. करताना ऐकलं होतं. इथल्या दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोन्थायमर शिकवायचे. खंडोबा, बिरोबा आणि धनगरांचा माग काढत हा जर्मन माणूस अनेक वर्षं महाराष्ट्रात फिरला. ज्या खंडोबाला लोक मल्लूखानही म्हणतात, त्याच्यावर त्यांनी लिहिलं. १९९२ मध्ये ते गेले. संस्था आणि तिचं ग्रंथालय मागं आहे.

सोमवारी दुपारी, पोटात चार लाडू घेऊन, मी ती संस्था बाहेरून तरी बघावी म्हणून निघालो. बेर्गहाइम नावाच्या भागात ती आहे. दार अर्थातच बंद. तिथून नेकर नदी जवळ. काठानं चालत असताना रस्त्याच्या पाटीवर नजर गेली. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. मी दोनदा वाचली. ‘इक्बाल-उफर’. उफर म्हणजे काठ. इक्बालचा काठ.

अल्लामा इक्बाल १९०७ च्या उन्हाळ्यात या गावात होते. केंब्रिजहून आले होते. म्युनिक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवायची तर जर्मन येणं गरजेचं, म्हणून ते इथं भाषा शिकत होते. एमा वेगेनास्ट या त्यांच्या शिक्षिका. पुढं हिंदुस्थानात परतल्यावरही इक्बाल त्यांना पत्रं लिहीत राहिले. नेकरच्या काठच्या एका संध्याकाळवर त्यांनी कविताही लिहिली, ती ‘बांग-ए-दरा’ या संग्रहात आहे.

आमच्या शाळेत ‘सारे जहाँ से अच्छा’ रोज म्हटलं जायचं. पण इक्बालचं नाव काढलं की कुणीतरी हमखास म्हणायचं, “तो पाकिस्तानवाला ना?” मग मी गप्प बसायचो. त्या पाटीचा मी फोटो काढला. कुणाला पाठवावा हे कळेना, म्हणून अब्बांना पाठवला. त्यांनी उत्तर दिलं, “माशाअल्लाह. दुकान में लगाता.”

त्या संध्याकाळी स्टेशनजवळ एक डोनरचं दुकान उघडं दिसलं. दारावर हलालची पाटी. एका रोटीचे सहा युरो, म्हणजे जवळपास पाचशे रुपये. मी बाहेर उभं राहून हिशेब केला आणि आत गेलो. दुकानदार तुर्की. “पाकिस्तान?” त्यानं विचारलं. “इंडिया.” “आ, हिंदिस्तान! शाहरुख खान!” मग जरा थांबून, माझ्याकडं बघून, “मुस्लिम?” मी मान हलवली. त्यानं चहाचा छोटा पेला पुढं केला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. दोन दिवसांतलं ते पहिलं गरम काहीतरी होतं.

शुक्रवारी जुम्याच्या नमाजसाठी मानहाइमला गेलो. तिथं यावुझ सुलतान सलीम मशीद आहे, १९९५ मध्ये उघडलेली. रस्त्याच्या एका बाजूला मशिदीचा मिनार आणि समोर कॅथलिक चर्चचा मनोरा. आत गालिचा, उबदार हवा आणि पांढऱ्या दाढीचे कितीतरी म्हातारे. १९६१ मध्ये जर्मनीनं तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले. दोन-चार वर्षांसाठी म्हणून आलेली ती माणसं इथंच राहिली. कारखान्यातून निवृत्त झाली आणि आता शुक्रवारी पहिल्या सफमध्ये बसतात.

खुतबा तुर्कीत होता. मी कान देऊन ऐकत होतो. मधूनच एखादा ओळखीचा शब्द यायचा. दुनिया, इन्सान, वकित, किताप. बार्शीच्या बाजारात ऐकू येणारे शब्द. बाकी काही कळत नव्हतं. नमाज मात्र तीच. अल्लाहु अकबर म्हणून हात बांधले आणि आठवडाभरात पहिल्यांदा मला पुढं काय करायचं आहे ते पक्कं माहीत होतं. कोणतं तिकीट काढायचं, कोणत्या दाराला ढकलायचं, कोणत्या दाराला ओढायचं, हे काहीही विचारायची गरज नव्हती.

नमाजनंतर शेजारच्या आजोबांनी हात धरला. पुन्हा तेच. “पाकिस्तान?” “नाही, इंडिया.” ते गोंधळले. कपाळावर बोट टेकवून टिळ्याची खूण केली आणि जर्मनमध्ये म्हणाले, इंडिया म्हणजे तर हिंदू. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगायचा प्रयत्न केला की आमच्याकडंही मुसलमान आहेत. त्यांनी विचारलं, किती? २०११ च्या जनगणनेत सतरा कोटींच्या वर होते. मोबाइलवर आकडा टाईप करून दाखवला. तुर्कस्तानची सगळी लोकसंख्या साडेआठ कोटींच्या आसपास, म्हणजे आमचे मुसलमानच त्यांच्या देशाच्या दुप्पट. आजोबांनी मोबाइल हातात घेतला, शून्यं मोजली आणि परत दिला. विश्वास बसला असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

परतीच्या गाडीत मला हसू येत होतं. मायदेशात काही लोकांना आम्ही फार जास्त झालो आहोत असं वाटतं आणि इथल्या मशिदीत आम्ही आहोत हेच कुणाला माहीत नाही.

त्यानंतरच्या सोमवारी पत्ता नोंदवायला गेलो. नवीन घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ही नोंद करावी लागते. घरमालकानं दिलेल्या ज्या दाखल्याची गरज असते, त्याचं जर्मन नाव उच्चारताना मला मध्ये श्वास घ्यावा लागतो. तो दाखला, पासपोर्ट, व्हिसा असं सगळं फायलीत लावून मी नंबर येण्याची वाट बघत बसलो. सगळे रकाने भरून झाले होते. एक सोडून. धर्म.

हा रकाना बघून पोटात गोळा आला. असं का झालं ते वाचणाऱ्यांपैकी काहींना सांगावं लागणार नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. पुण्यात एम.ए. करताना खोलीसाठी मी दीड महिना फिरलो. फोनवर माझं मराठी ऐकून घरमालक खूश व्हायचे. “कुठले तुम्ही?” “बार्शीचे.” “अरे वा, भगवंताची बार्शी! या, खोली बघून घ्या.” मग नाव विचारायचे. नाव सांगितलं की थोडी शांतता. “अहो, आत्ताच एकजण टोकन देऊन गेला.” किंवा, “आमचं काही नाही हो, पण सोसायटीत चालत नाही.” पुढं पुढं मी नाव आधी सांगायला लागलो. तेवढाच दोघांचाही वेळ वाचायचा. एकदा एका एजंटानं सुचवलं होतं, “नुसतं पहिलं अक्षर सांगा आणि गाव सांगा. बाकी मी बघतो.” मी ते केलं नाही. पण केलं नाही याचा अभिमान वाटायलाही ताकद उरली नव्हती.

खिडकीतल्या बाईंनी रिकाम्या रकान्यावर पेन टेकवलं आणि इंग्रजीत विचारलं, “चर्चचे सदस्य आहात का?”

“नाही. मी मुसलमान आहे.” माझा आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

बाई शांतपणे म्हणाल्या, “मग हे तुमच्यासाठी नाही. हे करासाठी आहे.” जर्मनीत नोंदणीकृत कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट माणसाच्या आयकरावर चर्चचा कर लागतो. या राज्यात तो आयकराच्या आठ टक्के. सरकार तो गोळा करून चर्चला देतं. मशिदी असा कर घेत नाहीत, त्या सदस्यांच्या वर्गणीवर चालतात. त्यामुळं माझा धर्म कोणता याच्याशी त्या कार्यालयाला काहीच घेणंदेणं नव्हतं. बाईंनी छापलेला कागद माझ्या हातात दिला. नाव, जन्मतारीख, जन्मगाव बार्शी. धर्मापुढं एक आडवी रेघ.

बाहेर पायरीवर बसून मी ती रेघ बघत राहिलो. मला हलकं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा एका सरकारी कागदावर माझ्या नावापुढं काहीच नव्हतं. आणि मग त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटायला लागली. तीन दिवसांपूर्वी मानहाइमच्या मशिदीत ज्या सजद्यानं मला सावरलं होतं, ते कागदावर नाही म्हणून मी आनंदी होतो. अब्बा आजही दुकान उघडल्यावर बिस्मिल्लाह म्हणून मशीनवर हात ठेवतात. त्यांना ही रेघ दाखवायची कशी? दाखवली नाही. “नोंदणी झाली, आता पैसे सुरू होतील,” एवढंच कळवलं.

१७ ऑक्टोबरला वर्ग सुरू झाले. त्या वर्षी युक्रेनच्या युद्धामुळं गॅसची टंचाई होती आणि सरकारी इमारतींत एकोणीस अंशांपेक्षा जास्त उष्णता ठेवायला बंदी. अब्बांचं जाकीट मी वर्गात घालून बसायचो. ग्रंथालयात मराठी पुस्तकांचे कप्पे सापडले. त्यांच्यासमोर उभा राहिलो तेव्हा तिथं एक जर्मन विद्यार्थिनी संतवाङ्मयाचं एक पुस्तक चाळत होती. माझ्या हातातलं पुस्तक बघून तिनं सावकाश, एकेक शब्द जुळवत मराठीत विचारलं, “आपले गाव कोणते?”

मी गाव सांगितलं, नाव सांगितलं. नाव ऐकून ती थांबली नाही. पुढचा प्रश्न होता, “तुमच्याकडे ‘आहे’ ऐवजी ‘हाय’ म्हणतात का?” तिला माझ्या बोलीत रस होता. तिनं मराठी शिकायला घेतली तेव्हा मराठी म्हणजे अमुक धर्माची भाषा असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी होस्टेलवर येईपर्यंत मी शीळ वाजवत होतो.

शनिवारी, २२ तारखेला, भारतीय विद्यार्थ्यांची दिवाळी होती. मराठी मुलंमुली दहा-बाराजण. कुणी शेव केली होती, कुणी घरून आलेल्या चकल्या जपून ठेवल्या होत्या. मी कांदे चिरले, मोबाइलवर गाणी लावली, खूप बोललो. महिनाभर इंग्रजी बोलून जीभ आंबली होती. कोल्हापूरची एक मुलगी माझ्याशेजारी बसली होती. पहिल्या आठवड्यात पैसे संपत आले तेव्हा हिनंच न विचारता पन्नास युरो दिले होते. ती सगळ्यांदेखत कौतुकानं म्हणाली, “ए, तू मुस्लीम असून मराठी किती छान बोलतोस रे!”

काहीजण हसले. मीही हसलो. हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आलोय. वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस देताना पाहुण्यांनी ते माइकवर म्हटलं होतं. मराठी मी शिकलो नाही, ती मला होतीच, जशी तुम्हाला होती. घरात दखनी, दारात मराठी, असंच आम्ही वाढतो. पण हे कितीदा सांगणार? सहा-सात हजार किलोमीटर दूर आलो आणि ते वाक्य बॅगेत बसून माझ्यासोबत आलं होतं. रात्री खोलीवर येऊन मी फेसबुकवर लांबलचक पोस्ट लिहिली. कोल्हापूरचं नाव न घेता, पण जिला कळायचं तिला कळेल अशी. चांगली धारदार झाली होती. सकाळी टाकू म्हणून ठेवली.

ती टाकायची राहिली. कारण त्याच आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात जे झालं ते.

आमच्या मजल्यावर सहाजणांत एक स्वयंपाकघर. एक जर्मन मुलगा रोज डुकराचं मांस तळायचा, म्हणून मी एक तवा आणि एक पातेलं वेगळं घेतलं होतं. त्यावर चिठ्ठी चिकटवली होती, ‘कृपया यात डुकराचं मांस शिजवू नका.’ कुणी कधी वापरलं नाही, कुणी काही बोललं नाही. वर्ग सुरू होण्याआधी शेवटच्या खोलीत एक मुलगी राहायला आली. उंच, सोनेरी केस, निळसर डोळे. आमचं येता-जाता ‘हॅलो’ एवढंच. ती ओट्यावर आली की मी माझं पातेलं जरा बाजूला सरकवायचो. तिच्या लक्षात येत नसेल अशी माझी समजूत होती.

मंगळवारी संध्याकाळी ती सॉसेजचे काप तळत होती. लसूण आणि मसाल्याचा वास सुटला होता. तिनं ताटली पुढं केली, “घेणार?”

“नको, थँक यू. मी डुक्कर खात नाही.”

“मीही नाही खात,” ती म्हणाली. “हे बीफचं आहे. हलाल. मी मुस्लिम आहे.”

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “पण तू तर मुसलमान वाटत नाहीस.”

वाक्य बाहेर पडलं तेव्हाच मला ते ऐकू आलं. तिनं शेगडी बंद केली. मग म्हणाली, “शाळेत जर्मन मुलं हे म्हणायची. मुसलमानानं म्हणायची ही पहिलीच वेळ.”

मी माफी मागितली. एकदा नाही, तीन-चारदा. तिनं ताटली माझ्यासमोर ठेवली आणि खुर्ची ओढली. तिचे आईवडील बोस्नियाचे. फ्रिजमधल्या तिच्या कप्प्यावर तिचं आडनाव लिहिलेलं होतं, मी ते रोज बघत होतो. त्या आडनावाच्या सुरुवातीलाच ‘हाजी’ होतं. शेवटचा ‘इच’ बघून मी पुढं वाचलंच नव्हतं. तिचे कुणी पणजोबा-खापरपणजोबा हजला जाऊन आले असतील, त्यावरून पडलेलं नाव. आमच्या गल्लीतही दोन हाजी घराणी आहेत.

तिची आई प्रियेदोरची. १९९२ मध्ये त्या गावाचा ताबा बोस्नियातल्या सर्ब सत्तेनं घेतला. मे महिन्याच्या शेवटी हुकूम निघाला की जे सर्ब नाहीत त्यांनी घरावर पांढरं कापड लावावं आणि बाहेर पडताना दंडाला पांढरी पट्टी बांधावी. “कळलं ना कशाला?” ती म्हणाली. “बघून ओळखता येत नव्हतं. सगळे एकसारखेच दिसायचे. भाषा एकच. आईच्या वर्गातली मुलं, शेजारी, सगळे. म्हणून कापड लागलं.”

मग छावण्या आल्या. तिच्या आईचा भाऊ त्यातून परतला नाही. आई त्याच वर्षी जर्मनीत आली. बोस्नियातून तेव्हा लाखो माणसं इथं आसऱ्याला आली होती. युद्ध संपल्यावर बहुतेकांना परत जावं लागलं, थोड्यांना राहता आलं. त्या थोड्यांत हे घर होतं. तिनं हे सगळं सपाट आवाजात सांगितलं, अनेकदा सांगून झालेली गोष्ट सांगावी तसं. मध्ये उठून तिनं ब्रेड कापला. मी तिला बार्शीबद्दल सांगितलं, पुण्याच्या खोल्यांबद्दल सांगितलं. “फोनवर चालायचास, नाव सांगितलं की नाही?” तिनं विचारलं. “हो.” “हं,” एवढंच म्हणाली. तिला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही.

खोलीवर येऊन मी ती पोस्ट पुन्हा वाचली. कोल्हापूरच्या मुलीचं वाक्य आणि माझं वाक्य शब्दाशब्दांनी जुळत होतं. दोन्ही सारखेच आहेत असं मी म्हणणार नाही. तिच्या वाक्यामागं पुण्यातली ती बंद दारं उभी आहेत आणि माझ्यामुळं कुणाची खोली गेली नव्हती. पण मुसलमान कसा दिसतो याचा साचा माझ्याही डोक्यात होता, तिच्या डोक्यात मुसलमान कसा बोलतो याचा होता, आणि मानहाइमच्या आजोबांच्या डोक्यात तो कुठं राहतो याचा. मी त्या आजोबांवर हसलो होतो. माझं पातेलं सरकवणं त्या मुलीनं दहा दिवस बघितलं होतं आणि तरी ताटली पुढं केली होती.

पोस्ट मी काढून टाकली. कोल्हापूरच्या मुलीला दुसऱ्या दिवशी मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, गाठलं. पन्नास युरो परत दिले आणि म्हटलं, “त्या दिवशी तू म्हणालीस ना, मुस्लीम असून मराठी छान बोलतोस, ते मला लागलं.” ती गोंधळली. म्हणाली, “अरे, मी कौतुक केलं होतं.” मी म्हटलं, “माहितीये. म्हणूनच सांगतोय.” मग स्वयंपाकघरातला माझा पराक्रमही सांगितला. बराच वेळ ती चमचा फिरवत बसली. तिला सगळं पटलं का, मला माहीत नाही. उठताना म्हणाली, “बरं झालं तोंडावर बोललास.” आजही आमची मैत्री आहे.

३० ऑक्टोबरच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागं गेली. अंधार अचानक लवकर पडायला लागला, मगरिबची वेळ सव्वापाचच्या आसपास आली. त्या दिवशी कॉलवर अब्बाही होते. मी नोंदणीचा तो कागद कॅमेऱ्यासमोर धरला आणि रेघ दाखवली. मला हलकं वाटलं होतं, हेही सांगितलं. अब्बांनी चष्मा वर करून बघितलं. “मेरी वही में बी तो सिर्फ नाप रहता,” ते म्हणाले. “लकीर है, रहने दे. तू जुम्मे कू जाता ना?”

“हौ अब्बा, जाता.”

अम्मीला मी बोस्नियाच्या मुलीबद्दल सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “उसकू लाडू दिया क्या?”

लाडू ३ तारखेलाच संपले होते. कसे संपले, ते मग सांगावंच लागलं. दोन दिवस बंद दुकानं, डाळभाताचं खोटं, भिंतीकडं फिरवलेला मोबाइल. अम्मी काही क्षण बोलली नाही. मग म्हणाली, “बेसन मिलता क्या उधर?”

“मिलता.”

“कागज ले. लिख.”